मिलर्स बेंडचा रेषापंच

मिलर्स बेंड, पेनसिल्व्हेनिया
सोमवार, ३ सप्टेंबर १८९४

कॅलेब,

अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, तर पुढचं वाच.

तुझा पत्ता मला काल मिळाला. तुझ्या आईकडे तो ईस्टरपासून होता. तू पाठवलेलं कार्ड तिने स्तोत्रांच्या पुस्तकात घालून ठेवलं होतं. दर रविवारी ती चॅपेलमध्ये माझ्या शेजारी बसून त्याच पुस्तकातून गात होती आणि मला पत्ताच नव्हता. काल जेवताना मी विचारलं, "कॅलेबचं कुठून काही कळलं का?" ती उठली, पुस्तक घेऊन आली आणि कार्ड माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, "तू विचारशील म्हणून थांबले होते. नऊ महिने लागले तुला, जोसाया."

तिला लिहिता येत नाही, आणि परक्याकडून लिहून घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. म्हणून मी लिहितो आहे. तिच्या वतीने, असं समज.

ती बरी आहे. गुडघे धरतात, जिना उतरताना कठड्याला धरते. कोंबड्या अकरा उरल्या. दुकान चाललं आहे. तुझ्या बाकावर मी कुणाला बसवलेलं नाही. त्यावर चामड्याचे तुकडे ठेवतो, तेवढाच उपयोग.

एक बातमी आहे. तुमचा फुटबॉल क्लब पुन्हा उभा राहतो आहे. मागच्या वर्षानंतर कुणी चेंडूला हात लावणार नाही असं मला वाटलं होतं. गुरुवारी तुमचा कप्तान नेड गॅरिटी दुकानात आला. बुटांचे नऊ जोड नाड्यांनी बांधून गळ्यात अडकवले होते, घोड्यासारखा दिसत होता.

"मिस्टर बेव्हन, तळाला चामड्याच्या पट्ट्या ठोकून हव्यात. चिखलात पाय सरकतात."

"त्या खेळाचे जोडे मी करत नाही, गॅरिटी. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण गावात दुसरा जोडेवाला एकच, आणि तो दुपारपासून पितो. गेल्या खेपेला त्याने मला दोन्ही जोडे डाव्या पायाचे दिले."

मी हसलो नाही. ठेवून जा म्हणालो. का म्हणालो ते विचारू नकोस. 'खेळ सोड, नाहीतर हे घर सोड' असं मीच तुला या टेबलापाशी म्हणालो होतो, ते मी विसरलेलो नाही.

मी काही मागायला लिहिलेलं नाही. आई विचारते, क्लीव्हलंडला सरोवरावरून वारा फार येतो म्हणतात, अंगात लोकरीचं घालतोस ना.

तुझे वडील,
जोसाया बेव्हन


सोमवार, २४ सप्टेंबर

कॅलेब,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. आई मात्र टपालवाल्याची वेळ झाली की अंगण झाडायला निघते. आमचं अंगण इतकं स्वच्छ कधी नव्हतं.

जोडे झाले. न्यायला आला तेव्हा गॅरिटी एक चोपडी विसरून गेला. यंदाचे खेळाचे नियम. (विसरला नव्हता, हे मला नंतर समजलं.) मी कुठलीही चोपडी वाचतो तशी वाचली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दोनदा. त्यात लिहिलं आहे की लांबून वेग घेऊन, एकमेकांना धरून, पाचरीसारखं समोरच्यांत घुसायचं नाही. ते आता बंद. ते पान वाचलं तेव्हा दुकानात तीन माणसं बसली होती. मी त्यांना उद्या या म्हणालो आणि दार लावलं.

ज्यांनी ते लिहिलं त्यांनी वर्षभर आधी लिहायला हवं होतं. इतकंच. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

नव्या नियमांत तिसरा पंच आला आहे. रेषापंच. चेंडू कुठे बाहेर गेला ते त्याने पाहायचं, चेंडू पाच यार्ड पुढे गेला की नाही ते सांगायचं आणि घड्याळ सांभाळायचं. दोन्ही बाजूंना मान्य असलेला माणूस लागतो. गॅरिटी पुन्हा आला आणि तुझ्या बाकावरचे तुकडे बाजूला सारून बसला.

"एल्मवर्थवाल्यांना आमचा माणूस नको, आम्हाला त्यांचा नको. दोन तास भांडलो. शेवटी तुमचं नाव काढलं, तेव्हा सगळे गप्प बसले."

"का?"

"बेव्हन खोटं बोलत नाही म्हणून. पोटच्या पोराच्या बाबतीतसुद्धा बोलला नाही, असं म्हणाले ते."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कॅथलिक असला तरी सरळ मुलगा आहे. पण माझ्या हातातली आरी मी खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

हो म्हणालो. चॅपेलच्या कारभारात माझ्याबरोबर असलेल्या बाकीच्या डीकनांनी तोंडं फिरवली. तुझी आई चुलीपाशी उभी होती. "म्हणजे तू मैदानावर जाणार," ती म्हणाली. मी हो म्हटलं. ती भांडं ढवळत राहिली. मग म्हणाली, "तो तीन वर्षं बोलावत होता तुला."

जो. बेव्हन


सोमवार, ८ ऑक्टोबर

कॅलेब,

परवा शनिवारी पहिला सामना झाला. हॉलिस क्रीककडून सोळा-शून्य हरलो. 'हरलो' असं मी लिहितो आहे हे माझ्या लक्षात आलं, पण खोडत नाही.

पंचाने कुणाच्या बाजूचं असू नये. मी रविवारचा कोट घालून गेलो होतो. पहिल्या पाच मिनिटांत ढोपरापर्यंत चिखल. आई म्हणाली, "कोट मी धुणार नाही, ज्याचा खेळ त्याने धुवावा." धुतला तिनेच.

काम अवघड नाही. आयुष्यभर चामडं मोजत आलो, पाच यार्ड मोजणं काय. अवघड आहे ते आवाज ऐकणं. दोन रांगा एकमेकांवर आदळतात तो आवाज बाहेरून ऐकू येतो त्यापेक्षा रेषेवर वेगळाच येतो. दर वेळी माणसांचा ढीग झाला की मी खालून निघणारी डोकी मोजायचो. अकरा आणि अकरा. ते माझं काम नव्हतं. पण सत्तर मिनिटं मी तेच केलं.

तुझ्या जागी पत्र्याच्या गिरणीतला एक पोरगा पळतो, क्लेटन नावाचा. पाय चांगले आहेत. पण चेंडू काखेत आला की लगेच बाहेरच्या बाजूला वळतो, आणि धरला जातो. तू दोन पावलं जास्त सरळ जायचास आणि मग वळायचास.

तू म्हणशील, तुम्हाला काय माहीत.

एकदा पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, कोळशाच्या वखारीमागे उभा राहून. फळ्यांमध्ये फट होती. कातडं आणायला जातो असं तुझ्या आईला सांगून निघालो होतो. तू त्या दिवशी लांब पळालास, सगळं मैदान ओलांडून, आणि शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून हसत उभा राहिलास. मी घरी आलो. तू सुजलेला ओठ घेऊन जेवायला बसलास, आणि वेळ वाया घालवतोस म्हणून मी तुला बोललो.

ते पळणं मला अजून जसंच्या तसं दिसतं.

बाकी ठीक. आईने लोकरीचे मोजे विणले आहेत, वेगळ्या पार्सलने येतील.

जो. बेव्हन


सोमवार, २२ ऑक्टोबर

कॅलेब,

पोरं शिकू लागली. शनिवारी चार-चार अशी बरोबरी झाली. क्लेटन आता दोन पावलं सरळ जातो. मी सांगितलेलं नाही, पंचाने सांगू नये. गॅरिटी दुकानात जोडे न्यायला आला तेव्हा त्याला ऐकू जाईल असं मोठ्याने स्वतःशी बोललो, एवढंच.

मोजे मिळाले असतील.

या वेळी मिसेस पॉवेल सामन्याला आली होती. एमलिन गेल्यापासून त्या बाजूला ती फिरकली नव्हती. लोकांनी वाट करून दिली, कुणीतरी गाडीवर बसायला जागा दिली. काळी शाल, हात मांडीवर. पहिला अर्धा खेळ संपेपर्यंत तिच्या आसपास कुणी ओरडलं नाही. मग तीच म्हणाली, "अरे ओरडा की. माझा एमलिन ओरडायचा." मग ओरडले.

थँक्सगिव्हिंगनंतर ती आयोवाला जाणार आहे, लेकीकडे, कायमची. घर विकायला काढलं. इथे तिचं आता कोण आहे.

सामना संपल्यावर ती माझ्यापाशी आली. तुझी चौकशी केली. तुझ्या कार्डावर होतं तेवढं मी सांगितलं, क्लीव्हलंडला आहे, बोटींच्या कारखान्यात रिव्हेट ठोकतो, बरा आहे. तिने आणखी एक विचारलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. घड्याळाला किल्ली देत बसलो.

आई म्हणते, लिही की घरात सगळं ठीक आहे. लिहिलं.

जो. बेव्हन


सोमवार, ५ नोव्हेंबर

कॅलेब,

हे पत्र लांब होईल. बसून वाच.

शनिवारी एल्मवर्थला गेलो होतो, त्यांच्या मैदानावर. गावातली निम्मी माणसं बरोबर होती. आपण सहा-चारने मागे. शेवटचं मिनिट उरलेलं. गॅरिटीने चेंडू घेतला आणि माझ्या बाजूच्या रेषेला घासत पळाला. दोघं अंगावर आले, दोघांना झटकून गेला आणि शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला. आपली माणसं मैदानात धावली, कुणी टोपी उडवली, कुणी शेजाऱ्याला उचललं.

पण त्याचा डावा पाय रेषेबाहेर पडला होता. माझ्यापासून चार हातांवर. ते जोडे मीच केलेले, त्यामुळे पट्ट्यांची खूण मी ओळखतो. चुन्याच्या पलीकडे स्वच्छ उमटली होती. दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती.

मुख्य पंचाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाहेर."

मग काय झालं ते तू समजू शकतोस. आपल्याच लोकांनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. गिरणीतल्या एकाने विचारलं, "म्हाताऱ्या, तुझा पोरगा तिकडून खेळतो का रे?" परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. तीन स्टेशनं गेल्यावर गॅरिटी येऊन बसला. भुवई फाटली होती, रुमाल धरला होता.

"बाहेर पडला होता का खरंच?"

"हो."

"मला वाटलंच. पाय टेकला तेव्हा जमीन वेगळी लागली." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणूनच तुम्हाला नेमलं, मिस्टर बेव्हन. बाकीचे शिव्या देतील आठवडाभर. पण तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

तो चांगल्या मनाने बोलला. मला गाडीतून उतरून जावंसं वाटलं.

आता लिहितो. गेल्या चार पत्रांत हे टाळलं.

एमलिन गेला त्या आठवड्यात तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून म्हणालास, "बाबा, त्या ढिगात माझा गुडघा त्याच्या मानेवर होता. माझ्यामुळेच झालं असं वाटतं." तू ते बापाला सांगितलंस. मी रविवारी चॅपेलमध्ये उभा राहून ते सगळ्यांना सांगितलं. मी त्या खेळाविरुद्ध बोलत होतो. मला वाटलं, घरातलं पाप झाकलं नाही तर लोक ऐकतील. लोकांनी ऐकलं. तू मागच्या बाकावर होतास. घरी येऊन मी तुला खेळ की घर ते विचारलं, आणि मंगळवारी तू गेलास.

हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

तू गेल्यावर नवव्या दिवशी मिसेस पॉवेल दुकानात आली. तुझी आई बाजारात होती. ती बसली नाही. म्हणाली, "मिस्टर बेव्हन, एमलिन दोन दिवस शुद्धीवर होता. तो माझ्याशी बोलला. कॅलेबचा गुडघा त्याच्या मानेवर नव्हता. मानेशेजारी जमिनीत रोवलेला होता. वरून सगळे कोसळत होते आणि कॅलेब हातापायांवर उभा राहून त्यांचं ओझं पाठीवर घेत होता. एमलिन म्हणाला, आई, त्याने मला झाकलं. मान आधीच गेली होती, पहिल्या धडकेत. हे कॅलेबला कळवा. आणि रविवारी सगळ्यांना सांगा. मी बाई माणूस, मला सभेत बोलता येत नाही. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या नाही. मी उभा राहून स्वतःच्या मुलाविरुद्ध खोटी साक्ष दिली होती, हे पुन्हा उभा राहून कसं सांगायचं. आज नको, पुढच्या रविवारी. असं करत वसंत आला. मग मनाची समजूत घातली की तुझा पत्ताच नाही, सांगणार कुणाला. पत्ता शोधला असता तर मिळाला असता. मिळाला असता तर लिहावं लागलं असतं. म्हणून शोधला नाही. तुझ्या आईलाही काही बोललो नाही.

मागच्या पत्रातल्या त्या सामन्यानंतर मिसेस पॉवेलने विचारलं होतं ते हेच. "कॅलेबला कळवलंत ना? काय म्हणाला तो?"

वर्षभर ती धरून चालली आहे की तुला माहीत आहे. आणि तू वर्षभर धरून चालला आहेस की तुझ्या गुडघ्याने तुझा मित्र मेला. मधे मी बसलो होतो.

तू त्याला झाकलंस, कॅलेब. एमलिनने स्वतः सांगितलं.

याहून जास्त आज लिहिता येत नाही.

बाबा


सोमवार, १९ नोव्हेंबर

कॅलेब,

मागचं पत्र टाकून आलो आणि तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने हातातला रुमाल घडी करून ठेवला, शाल घेतली आणि मिसेस पॉवेलकडे गेली. बांधाबांधीला मदत हवी असेल, म्हणाली. तीन दिवस तिथेच राहिली. चौथ्या दिवशी आली, मला चहा दिला आणि म्हणाली, "सगळ्यांत वाईट ते नव्हे की तू चुकलास. तो एकटा कुठेतरी हे घेऊन झोपत असेल आणि तुला जेवण जात होतं." त्यानंतर त्यावर बोललेली नाही. पण रोज सकाळी मिसेस पॉवेलकडे जाते, दुपारी येते.

मी मिसेस पॉवेललाही सांगितलं. तिच्या अंगणात उभा राहून, टोपी हातात धरून. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "माझा मुलगा शेवटचं जे बोलला ते मी तुमच्या हाती दिलं होतं, मिस्टर बेव्हन." आणि आत गेली.

काल रविवारी चॅपेलमध्ये उभा राहिलो. गेल्या वर्षी जिथे उभा होतो तिथेच. काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही, जसं तुला लिहिलं तसंच सांगितलं, कमी केलं नाही. कुणीतरी म्हणालं, बस आता, ब्रदर बेव्हन. मी संपवूनच बसलो. डीकनपद सोडलं. त्यांनी ते लगेच घेतलं, हेही लिहितो.

बाहेर गॅरिटी कुंपणाला टेकून उभा होता. कॅथलिक असून आमच्या दारात. खिडकीतून ऐकलं असावं.

"आमच्याकडे बरं असतं, मिस्टर बेव्हन," तो म्हणाला. "कबुलीच्या पेटीत शिरायचं, एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या कानात सांगायचं, झालं. तुम्हा लोकांना अख्खं गाव लागतं."

मी म्हणालो, आता दुसरा रेषापंच शोध. खोटं न बोलणारा.

"एल्मवर्थवाल्यांना विचारलं. ते म्हणतात, आमच्या बाजूने निकाल देऊन ज्याने आपल्याच माणसांच्या शिव्या खाल्ल्या तोच हवा. दुसरा नको." मग जोड्याने खडा उडवत म्हणाला, "आणि कॅलेबबद्दल आम्ही सगळेच चुकलो. कुणी त्याच्या घरी गेलो नाही तेव्हा. हे तुमच्या पत्रात लिहा."

लिहिलं.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी एल्मवर्थ इथे येणार. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मिसेस पॉवेल जाईल. जाण्याआधी तिला तुला पाहायचं आहे. तिने हे मला सांगितलं नाही, तुझ्या आईला सांगितलं. सामना दोन वाजता आहे, मी दुपारी एकपासून मैदानावर असेन. तेव्हा तू तिच्याकडे आलास तर माझं तोंड पाहावं लागणार नाही.

बाबा


शुक्रवार, ३० नोव्हेंबर

कॅलेब,

तू आलास.

मी तुला पाहिलं. दुसऱ्या अर्ध्यात, खेळ संपत आला असताना. आपण सहा-चारने पुढे होतो आणि एल्मवर्थ आपल्या रेषेपासून दहा यार्डांवर. मैदानाच्या पलीकडे, लाकडांच्या ढिगापाशी, हात कोटाच्या खिशात घालून तू उभा होतास. बारीक झाला आहेस. दाढी ठेवली आहेस. तरी एका नजरेत ओळखलं.

घड्याळात तीन मिनिटं उरली होती. घड्याळ माझ्या हातात. मी हात वर केला असता तर खेळ तिथेच संपला असता, कुणाला कळलं नसतं. तीन मिनिटं मी काट्याकडे पाहायचो आणि तुझ्याकडे पाहायचो. एल्मवर्थने तीनदा धडक दिली. तिन्ही वेळा ढीग झाला, तिन्ही वेळा तू मान फिरवलीस. ते मी पाहिलं. मग वेळ भरली, मी हात वर केला, आणि सगळं गाव मैदानात शिरलं. गॅरिटीला खांद्यावर घेतलं. मला कुणीतरी मिठी मारली, गिरणीतलाच तो, म्हातारा म्हणणारा. मी त्याला ढकललं. लाकडांच्या ढिगापाशी पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. तिथून तसाच स्टेशनवर गेलो. साडेचारची गाडी सुटून वळणाला लागली होती.

घरी आलो तर टेबलावर तीन ताटं होती, एक पालथं. तुझी आई टेबलापाशी बसली होती.

"भेटला?" मी विचारलं.

"रेचल पॉवेलकडे. सकाळी दहापासून एकपर्यंत. पोटभर पाहिला मी त्याला."

"काय म्हणाला?"

"फार नाही. रेचलने त्याचा हात हातात धरून ठेवला होता. रडला. मग तिची लाकडं फोडून दिली, पुढच्या घरमालकाला कशाला हवीत म्हटलं तरी ऐकेना. तुझी पत्रं खिशात होती त्याच्या. मला वाचून दाखवली, सगळी, पहिल्यापासून. माझ्या वतीने लिहिलेली पत्रं मला आज पहिल्यांदा ऐकायला मिळाली, जोसाया."

मी टोपी खुंटीला अडकवली.

"मी म्हटलं, चल घरी, पायरी चढ. तो म्हणाला, त्यांनी बोलावलेलं नाही, आई. मी म्हटलं, असं कसं, सहा पत्रं लिहिली. म्हणाला, तूच ऐकलंस ना." तिने पालथं ताट उचलून फडताळात ठेवलं. "खरंच आहे. कोंबड्या आहेत त्यात, नियम आहेत, गॅरिटीच्या भुवईपर्यंत सगळं आहे. 'घरी ये' कुठे आहे?"

मी म्हणालो, "ते लिहावं लागतं का?"

"घर सोड म्हणताना बोलावं लागलं होतं तुला."

आज सकाळी मिसेस पॉवेलला पोचवायला गेलो. तिची पेटी मी उचलली, तिने उचलू दिली. गाडी यायला अवकाश होता. ती म्हणाली, "तो तिकडे खेळतो का म्हणून मी विचारलं. त्या दिवसानंतर चेंडूला हात लावला नाही म्हणाला."

हे मला माहीत नव्हतं, कॅलेब. मी वर्षभर असं समजत होतो की तू घर टाकून खेळ निवडलास. क्लीव्हलंडला मोठे क्लब आहेत, कुठेतरी पळत असशील, मैदान ओलांडून, हसत. रागाच्या दिवसांतसुद्धा मी तेच डोळ्यांसमोर आणायचो. तुझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी तुला दोहोंतलं एक निवड म्हणालो आणि दोन्ही काढून घेतलं.

गाडी आली. मिसेस पॉवेलने हात पुढे केला. मी धरला. "मी तुम्हाला माफ केलं की नाही ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "आयोवात पोचल्यावर बघेन. तुम्ही मात्र थांबू नका."

तेव्हा मी थांबत नाही. ते दोन शब्द या कागदावर लिहिणं आता सोपं आहे. दुकानात बसून, पाय सुके ठेवून कुणीही लिहील. जे मी तोंडाने मोडलं ते तोंडानेच जोडायला पाहिजे. पुढच्या शनिवारी, आठ डिसेंबरला, मी क्लीव्हलंडला येतो. गाडी दुपारी पोचते. कारखान्याचा भोंगा पाचला होतो असं तू आईला सांगितलंस. मी फाटकाबाहेर येऊन उभा राहतो. आई येणार नाही. म्हणते, हे तुझं तू कर.

तुला भेटायचं नसेल तर दुसऱ्या फाटकाने जा. मी समजेन. रविवारच्या गाडीने परत येईन आणि त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा येईन.

तुमच्या कारखान्यात हजार माणसं आहेत म्हणतात. एकदम बाहेर पडत असतील. त्या लोंढ्यात तू मला शोधू नकोस. सगळे निघून जाऊ देत. मग जो जागचा हलला नसेल, तो मी.

तुझे बाबा